खाकरून यावं

आमच्या घरात पुरुषमाणूस खाकरल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. ही काही आण्णांनी काढलेली रीत नव्हती. त्यांच्या वडिलांची, आजोबांची, सगळ्या पंचक्रोशीचीच होती. घरात सुना असायच्या, कुणाचा पदर पडलेला असायचा, कुणी चुलीपुढे पाय पसरून बसलेली असायची, म्हणून पायरीवरच घसा साफ करायचा, आतल्या बाईला सावरायला सवड द्यायची आणि मग आत यायचं. माझ्या वेळेपर्यंत घरात सुना उरल्या नव्हत्या, चुलते वेगळे झाले होते, आणि आई तर आण्णांपुढे पदर सावरण्याऐवजी लाटणं सावरणारी. तरी आण्णांचं खाकरणं सुटलं नाही. दोन आखूड आणि एक लांब. त्यांची गावात पिठाची गिरणी होती. जन्मभर पीठ खाल्लेला घसा, त्यामुळे त्या लांब खाकरण्याच्या शेवटाला बारीकशी शिट्टी वाजायची. लहानपणी मला त्याचा राग यायचा. खेळताना, चोरून गूळ खाताना नेमके खाकरायचे, मग कळायचं की खाकरले म्हणून तर मला गूळ लपवता आला.

माझे डोळे एकदम गेले नाहीत. आधी तिन्हीसांजेला ताटातलं मीठ दिसेना, मग पायरी दिसेना, मग माणसं. पुण्याच्या डॉक्टरांनी आईआण्णांना विचारलं, तुमचं लग्न नात्यात झालं का? आई म्हणाली, व्हय, सख्ख्या मामाच्या घरात दिलं मला. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि आई त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जणू तिनंच उठून माझ्या डोळ्यांत बोटं घातली होती. मला माझा चेहरा आठवतो तो बारा वर्षांचा. आता केस पांढरे झालेत असं लोक सांगतात, झाले असतील, मी काही पाहायला गेले नाही. नगरच्या अंधशाळेत राहून दहावी केली, बोटांनी वाचायला शिकले, काठी शिकले, आणि परीक्षा झाल्यावर पत्र्याची पेटी घेऊन घरी आले. पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. गावातल्या शहाण्या लोकांनी मात्र लगेच सल्ला दिला, पोरीला बाजाची पेटी शिकवा. आंधळं माणूस दिसलं की लोकांना त्याच्या हातात पेटी का द्यावीशी वाटते, देव जाणे. माझा गळा गाढवालाही लाजवेल असा.

आमच्याकडं आंधळ्या माणसाशी बोलायची एक ठरलेली पद्धत आहे. जवळ यायचं, हात धरायचा आणि विचारायचं, "ओळख बरं मी कोन?" बरोबर ओळखलं तर पोपटानं राम म्हटल्यासारखा आनंद. चुकलं तर वर तोंड करून, "अगं, इसारली का मला? तुझ्या बारशाला आल्ते मी!" बारशाला आलेल्या बाईचा आवाज मी कसा लक्षात ठेवायचा ते मात्र कुणी सांगत नसे. तरी ही माणसं परवडली. बोलायची तरी. खरी भीती मला न बोलणाऱ्यांची. मी ओट्यावर बसलेली असायची, एकटी आहे असं समजून नाकात बोट घालायची, डोकं खाजवायची, स्वतःशी बडबडायची, आणि एकदम तंबाखूचा वास यायचा. कुणीतरी उभं आहे. कधीपासून आहे, माहीत नाही. काय पाहिलं, माहीत नाही. "कोन हाय?" म्हटलं की पावलं निघून जायची. ती माणसं वाईट नव्हती, पण त्यांनी मला एक खोड लावली. घरात, ओट्यावर, कुठंही मला आपण एकटे आहोत याची खात्री वाटेना, आणि चार माणसांत आहोत याचीही वाटेना. दोन्हीकडून गेले. या जगात फक्त एका माणसाच्या येण्याची मला खात्री होती, ते म्हणजे आण्णा.

दिवस घरातच जायचे. आमचं गाव पारनेरच्या बाजूला, वाटाण्याचं. हंगामात ओसरीत वाटाण्याचा ढीग पडायचा आणि मी शेंगा सोलत बसायची. शेंग चांगली असली की अंगठ्याखाली टपकन फुटते, किडकी असली की दबते. शेंगोळ्याही मीच वळायची. आई हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळून द्यायची, मी तळहातावर तेलाचा थेंब घेऊन वळत जायची, बोटाएवढ्या, एकसारख्या. आई म्हणायची, "डोळेवाल्या बायांनाबी अशा जमायच्या न्हाईत," आणि पुढच्याच वाक्याला उंबऱ्याबाहेर जाऊ नको म्हणून बजावायची. एकदा मी काठी घेऊन एकटीच हापशापर्यंत गेले होते, येताना उघड्या गटारात पाय गेला आणि गुडघा फुटला. त्या दिवसापासून काठी आईच्या कपाटात. गावात माझी एकच मैत्रीण होती, शकू, ती लग्न होऊन शिर्डीच्या बाजूला गेली. मला खरं तर गिरणीवर बसायचं होतं. मूठभर दाणे हातात घेतले की ज्वारी, बाजरी, गहू तर कळायचाच, पण कुणाच्या घरची तेही मी सांगायची. पण गिरणीला उघडा पट्टा, आणि आईच्या डोक्यात एकच, पोरीची ओढणी त्यात अडकणार. शिवाय लोक काय म्हणतील, आंधळं दळतं न् कुत्रं पीठ खातं. ही म्हण माझ्यासमोर म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण मीच आधी म्हणून टाकायची.

अशात माझा धाकटा भाऊ संदीप, आमचा संद्या, नगरचं कॉम्प्युटरचं कॉलेज बंद झालं म्हणून घरी आला. त्याच्याबरोबर एक जुना कॉम्प्युटर आला आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरीत चार-पाच पोरं जमायला लागली. त्यांत पप्या पुढं असायचा, शेजारचा, संद्याचा लंगोटीयार, तोंडाला कधी विश्रांती नाही. मला वाटलं, पत्ते खेळतात. पण बोलणं निराळंच. "अरे, चावडीकडं ये, मी हितं हाय!" "हापशापाशी खड्डा कुनी केला?" "संद्या, मागं बघ, पप्या तुझ्या घरावर चढला!" मी वाटाणे सोलता सोलता ऐकत होते. पोरं तर सगळी ओसरीतच बसलेली, माझ्यापासून चार हातांवर. मग कळलं. संगणकावर आणि मोबाईलवर एक जग होतं, ठोकळ्यांचं, हवं ते बांधता येईल असं, आणि सगळ्यांना एकाच वेळी आत फिरता येईल असं. पोरांनी त्यात आमचं गावच बांधलं होतं. चावडी, मारुतीचं देऊळ, हापसा, आण्णांची गिरणी, आमचं घरसुद्धा, ओट्यासकट. शरीरं ओसरीत टाकून पोरं दिवसभर गावात भटकत होती. आणि मी खरीखुरी घरात.

एके दिवशी मी म्हटलं, "मला घ्या की त्यात."

पप्या म्हणाला, "नंदाताई, त्यात बघायला लागतं."

"मग इथं काय लागत नाही? इथं राहतेच ना मी?"

संद्या गप्प बसला, पण त्याचा गप्प बसण्याचा आवाज मला माहीत होता, डोक्यात काहीतरी शिरलेलं. तीन दिवस तो जेवायलाही धड आला नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला, माझी बोटं चार बटणांवर ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे पुढं, हे मागं, हे डावं, हे उजवं. चाल."

मी पुढचं बटण दाबलं आणि एक यंत्रातली बाई कानात ओरडायला लागली. "दगड. दगड. झाड. झाड. भिंत. झाड. शेळी. भिंत. शेळी. शेळी." मी थांबले तरी ती थांबेना. सगळं गाव एकदम आपापलं नाव सांगत सुटलेलं. मी हेडफोन काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "संद्या, हे गाव आहे का शिर्डीतला फुलवाल्यांचा रस्ता?" त्याचं तोंड पडलं असणार. त्याला वाटलं होतं, दिसत नाही म्हणजे सांगावं लागतं. मी म्हटलं, "बाबा, लिंबाचं झाड मला कधी मी लिंब म्हणून सांगतं का? ते सळसळतं. भिंत बोलत नाही, पण भिंतीजवळ गेलं की आपला आवाज दबतो. बोळात पाऊल वाजतं तसं चावडीच्या मोकळ्या जागेत वाजत नाही. पायाखाली मुरूम करकरतो, फरशी टकटकते, सारवलेल्या जमिनीवर काहीच वाजत नाही. ते घाल." तो म्हणाला, "मला हे काय ऐकूच येत न्हाई." मग मी आण्णांचा पंचा घेतला, त्याचे डोळे करकचून बांधले, आईच्या कपाटातली काठी काढली आणि त्याचा हात धरून घराबाहेर पडले. आंधळी पुढं, डोळस मागं. अख्खी आळी दारात आली. संद्या हापशावर आपटला, शेळीवर पडला, एका म्हातारीच्या वाळवणात पाय घालून शिव्या खाल्ल्या. मी हसून हसून खाली बसले. दहावीनंतर मी तशी हसल्याचं मला आठवत नाही.

पुढं महिनाभर आम्ही दोघं आवाज गोळा करत हिंडलो. मोबाईल धरून हापशाचा दांडा, देवळाची घंटा, गिरणीच्या पट्ट्याची फटफट, आण्णा दगडाला टाकी लावायला बसले की होणारा टकटकाट, पत्र्यावर उतरणारी कबुतरं. ओढणी सावरून मी मुरमावरून चालायची आणि तो माझ्या पायांशी मोबाईल धरून रांगायचा. एकदा तो म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी गटार बुजवून टाकलंय तिथलं." मी म्हटलं, "उकर परत. पडले तर पडले. गटार नसलेलं गाव आपलं कसं?" त्यानं उकरलं. आणि मग एका दुपारी मी घरातून निघाले, ओट्यावरून उतरले, डाव्या कानात गिरणी ठेवली, लिंबाची सळसळ मागं पडू दिली, गटारापाशी पाण्याची गुळगुळ ऐकून थांबले, ओलांडलं आणि हापशाला हात लावला. म्हणजे बटण दाबलं. खुर्चीवरच बसले होते मी, पण माझ्या पायांत गोळे आले होते. कुणाचा हात धरला नव्हता. आईला विचारलं नव्हतं. मी तिथंच रडले आणि घाईघाईनं डोळे पुसले, कुणी बघेल म्हणून.

त्या गावात मी रोज जायला लागले. दुपारी आई शेतात, आण्णा गिरणीवर, संद्या कुठंतरी पोरांत. त्या वेळी मला ते गाव माझ्या एकटीचं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पण रिकाम्या गावात माणूस किती हिंडणार? मी बोलायला लागले. हापशावर जाऊन म्हणायची, "शकू, सरक की गं, माझा हंडा लावू दे." देवळापाशी जाऊन पुजाऱ्याची चेष्टा करायची. एकदा, तो दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही, मी गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिले. फटफट चालू होती. आत आण्णा नव्हते हे मला माहीत होतं, आत कुणीच नसतं तिथं. म्हणूनच बोलले. "आण्णा, मला गिरणीवर बसू द्या. घरात बसून बसून आंबले मी. मला लग्न नको, काही नको, मला फक्त चार माणसांत बसायचंय. आईला सांगा, मी ओढणी घालणार नाही. सांगा ना, आण्णा." लहान पोरीसारखी हट्ट करत होते. नाकही गळत होतं.

उजव्या कानात कुणीतरी फिसकन हसलं.

मी थिजले. मग पप्याचा आवाज आला, "नंदाताई, ओळख बरं, आमी किती जन हाय?"

सहा जण होते. आपापल्या घरी बसून मोबाईलवरून आत आलेले, आणि तिथं माझ्याभोवती उभे. केव्हापासून, ते नंतर कळलं. हापशापासून माझ्यामागं चालत होते. त्या गावात संद्यानं माझ्या पायांना आवाज दिला होता, बाकी कुणाच्या पायांना दिला नव्हता. शेजारचा माणूस बोलला तरच कळायचा, आणि ती पोरं बोललीच नव्हती. माझ्या हेडफोनचा माईक उघडा असतो हेही मला माहीत नव्हतं. भर चौकात कुणी अंगावरचं लुगडं ओढावं तसं मला झालं. हेडफोन उपसला, ज्वारीच्या पोत्यात खोल खुपसला आणि पोत्यावर बसून राहिले. ज्या एका जागेसाठी एवढा खटाटोप केला, तिथंही तोच तंबाखूचा वास येऊन उभा राहिला होता. मला पोरांचा राग आला नव्हता, खरंच नव्हता. पप्या पुढं कधीतरी म्हणाला, "ताई, पयल्यांदा बोलायचं राह्यलं, मग तू असं बोलाया लागली की आमाला बोलायची लाज वाटली." ते मला पटलंही. पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं की आपल्याला जागाच नाही. इथंही नाही, तिथंही नाही. आठ दिवस मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि ओट्यावरही बसले नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. दाराशी आण्णा खाकरले. दोन आखूड, एक लांब. ते पुन्हा खाकरले आणि म्हणाले, "येऊ का आत?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीला. मी उठून बसले.

"संद्यानं समदं सांगितलं," ते खाली बसत म्हणाले. त्यांच्या अंगाला गरम पिठाचा वास होता.

"मग काय, जाऊ दे म्हणून सांगायला आलात?"

"जाऊ कशाला द्यायचं? मला फकस्त एक सांग. त्या तुमच्या गावात गिरनी वाजती?"

"हो."

"हापसा वाजतो? शेळी वाजती?"

"वाजती."

"आन् मानूस आला तर?"

"नाही वाजत."

आण्णा दाराकडं तोंड करून म्हणाले, "म्हंजी शेळीला आवाज हाय आन् मानसाला न्हाई. लई भारी गाव बांधलंस रं संद्या!"

संद्या दाराबाहेर उभा आहे हे मला तेव्हा कळलं. तो चाचरत म्हणाला, "आण्णा, मानूस तर दिसतोच ना..." आणि मध्येच थांबला. एवढा हुशार पोरगा, झाडापाल्याला आवाज देत महिनाभर मुरमावर रांगला, पण माणूस दिसतोच हे काही त्याच्या डोक्यातून निघालं नव्हतं.

"दुसऱ्याच्या दारात शिरताना मानूस खाकरतो," आण्णा म्हणाले. "तिथं काय धाड भरलीया? खाकरायला लाव सगळ्यांना." मग गुडघ्यावर हात टेकून उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "आन् नंदे, गिरनीचं मला हितं सांगायचं हुतं. तिथल्या गिरनीत मी हाय का? उद्या पट्ट्याला जाळी मारून घेतो. परवापास्नं ये."

मी ओढणी काढली आणि घडी करून पेटीत ठेवली.

पोरांना खाकरायला लावलं तर मांजर शिंकल्यासारखं खाकरायची. म्हणून संद्या मोबाईल घेऊन आण्णांपुढं बसला. "आण्णा, खाकरा." आण्णा म्हणाले, "असं उगी कसं खाकरू? मी काय कुनाच्या घरात चाललोय का?" त्यांना खरंच जमेना. तोंड उघडायचे आणि हसू यायचं. शेवटी आम्ही त्यांना घराबाहेर काढलं, म्हटलं, गिरणीवरून आल्यासारखे या. एकदा आले, मोबाईल चालू करायचा राहिला. दुसऱ्यांदा आले, शेजारचा कोंबडा आरवला. तिसऱ्यांदा चौकातून फिरून आले, तोवर आई ओरडली, "आत या, न्हाईतर भाईर ऱ्हावा, दार झिजलं माझं!" आणि त्या ओरडण्याच्या अलीकडं नेमकं सापडलं, दोन आखूड, एक लांब आणि शेवटची शिट्टी. संद्यानं ते सगळ्यांना लावून दिलं. कुणीही कुणाच्या दहा पावलांच्या आत आला की ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला आण्णा खाकरायचे. आणि दुसरा नियम माझा. आल्या आल्या नाव सांगायचं, कुठल्या हाताला उभे आहोत ते सांगायचं. ओळख पाहू म्हणेल त्याला गावाबाहेर काढायचं.

पहिल्या दिवशी सहा बाजूंनी सहा आण्णा खाकरले आणि मी कॉम्प्युटरपुढं पोट धरून हसले. "मी पप्या, डाव्या हाताला, चुकी झाली." "मी संद्या, म्होरं." त्या वर्षी मला पहिल्यांदा समजलं की चार माणसांत असणं म्हणजे काय. अंधशाळेतली माझी एक मैत्रीण होती, शबाना, जामखेडची. तिच्या भावाच्या मोबाईलवरून ती यायला लागली. तिनं आमचं गाव जन्मात पाहिलं नव्हतं, पण पंधरा दिवसांत बोळ अन् बोळ तिला पाठ झाला. हापशावर आम्ही दोघी बसायचो आणि ती म्हणायची, "नंदा, तुमच्या गावात सगळ्यांनाच खोकला हाय का गं? दवाखाना बांधा की एक." गटारात ती तीनदा पडली. आणि खऱ्या गावात मी जाळी मारलेल्या पट्ट्याशेजारी स्टुलावर बसून दळणं घेत होते. दाणे हातात घेऊन नाव सांगायची आणि बायका म्हणायच्या, बया गं! काठी आईच्या कपाटातून बाहेर आली ती परत गेली नाही.

ते दिवस किती टिकले म्हणावेत? फार नाही. संद्याला पुण्यात नोकरी लागली, पप्या चाकणला कारखान्यात गेला, शबानाचं लग्न झालं आणि तिच्या सासरी मोबाईल तिच्या हातात राहत नव्हता. संद्या जाताना म्हणाला, "ताई, गाव चालूच ठेवतो, आमी येत जाऊ." यायचेही, आधी रोज, मग रविवारी, मग सणाला. मी मात्र गिरणी बंद केली की दुपारी एक चक्कर मारायचीच. गिरणी वाजायची, लिंब सळसळायचा, कबुतरं उतरायची. दहा पावलांत कुणी नसायचं. इतकं पक्कं एकटेपण मी आधी कधी भोगलं नव्हतं. पूर्वी कुणी आहे की नाही याची शंका असायची, त्या शंकेत थोडी आशाही असते. आता कुणी नाही हे स्वच्छ कळायचं, कारण असतं तर खाकरलं असतं. हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही. आपणच मागून घेतलेली गोष्ट, तक्रार कुणाकडं करायची?

आणि मग आण्णा गेले. पीठ छातीत बसलं होतं, शेवटी शेवटी त्यांना लांब खाकरणं जमत नव्हतं, फक्त शिट्टी उरली होती. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले. घर मुकं झालं. आई दाराकडं बघत बसते हे मला तिच्या श्वासावरून कळायचं. माझीही तीच तऱ्हा, पायरी वाजली की मी थांबायची, पुढचं ऐकायला. पुढं काही नसायचं. त्या दिवसांत संद्या एकदा माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, आण्णांचा तो आवाज हाय माझ्याकडं. तुझ्या मोबाईलवर टाकू का? वाटंल तवा ऐकत जा."

मी नको म्हटलं. तो म्हणाला, का? मी म्हटलं, "असं उगी कसं खाकरतील ते? कुणाच्या घरात यायचंच नाही तर." त्याला हुंदका फुटला. मला नाही फुटला. मी दगड झाले होते.

संद्या पुण्याला परत गेला. दुसऱ्या दिवसापासून मी गिरणी चालू केली, कारण लोकांच्या घरात पीठ लागतंच. आठवड्यानं एका दुपारी जेवण करून कॉम्प्युटर लावला. कितीतरी दिवसांनी त्या गावात गेले. आपल्याच ओट्यावरून उतरले, गिरणी डाव्या कानात ठेवली. ती फटफट ऐकून पाय पुढं जाईनात, म्हणजे बोटं दाबेनात. तरी गेले. लिंब मागं पडला, गटार ओलांडलं, हापशाला टेकून उभी राहिले. काही करायचं नव्हतं. कुणाशी बोलायचं नव्हतं. बराच वेळ तशीच उभी होते.

गिरणीच्या बाजूनं आवाज आला. दोन आखूड. एक लांब. आणि शिट्टी.

माझे हात बटणांवरून सुटले. मला सगळं माहीत होतं. हा संद्या असेल नाहीतर पप्या, नाहीतर शबानाच्या हातात मोबाईल आला असेल. आवाज कुठून येतो, कसा भरला, त्या दिवशी कोंबडा आरवला, सगळं सगळं मला पाठ होतं. पण येणारा अजून बोलला नव्हता. आणि ज्या बाईनं जन्मभर "कोन हाय? बोला की!" म्हणून गाव डोक्यावर घेतलं, तिच्या तोंडून शब्द निघेना. मी विचारलं नाही. मला ओळखायचं नव्हतं. श्वास रोखून धरला, की आता बोलू नये, एवढ्यात बोलू नये.

"ताई, मी संद्या," आवाज आला. "तुझ्या डाव्या हाताला हाय."

त्यानं नियम पाळला होता, माझाच नियम. पुण्यात कामावरून अर्धी सुट्टी काढून माझ्यासाठी त्या गावात आला होता. आणि मी त्याच्यावर खेकसले.

"एवढी काय घाई होती रे सांगायची?"